न दिलेला हात

माझ्या आईला कॅन्सर झाला होता, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वडील गेले, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरअम्माही गेल्या. आता ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय. लिहायचंय खरं डॉक्टरअम्मांविषयी, पण दर वेळी सुरुवात इथे येऊन अडते. म्हणून या खेपेला इथूनच करतो.

तंजावरजवळचं आमचं सगळं कुंभकोणम त्यांना डॉक्टरअम्मा म्हणायचं. आमच्यासारख्याच त्याही मराठी. त्यांच्या आजोबांकडे तंजावरच्या राजवाड्यातलं काहीतरी काम होतं. काय काम, असं विचारलं की म्हणायच्या, "राजाला वारा घालत असतील. तुला काय त्याचं?" लग्न केलेलं नव्हतं. मनगटावर पुरुषी घड्याळ, अंगावर सुती साडी. चिडल्या की आधी पदर खोचायच्या आणि मग बोलायच्या. हात पदराकडे गेला की वॉर्डातल्या नर्सेस एकेक करून नाहीशा होत. बाहेर सगळ्यांशी तमिळ, माझ्याशी मात्र घरची मराठी. "मला" नाही, "मज". "जेवलास का" नाही, "जेविलास का". पुण्यात आल्यावर ही मराठी बोलून दाखवली की लोकांना मी जुन्या बखरीतून उठून आलोय असं वाटतं, म्हणून त्यांचं बोलणं इथे बरंचसं इकडच्या वळणानं लिहितो. मूळची चव थोडी जाईल. इलाज नाही.

छत्री विसरणं हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. स्वामीमलैच्या बसमध्ये, फुलवालीकडे, देवळाच्या पायरीवर, एकदा तर पेशंटच्या पलंगाखाली. छत्री काळी, मूठ बांबूची, आणि गावात तिला ओळखत नाही असा कंडक्टर नव्हता. संध्याकाळपर्यंत ती कुणाच्या तरी हातून हॉस्पिटलच्या दारात येऊन टेकलेली असायची. एरवी इतक्या विसराळू बाई, पण पेशंट एकही विसरायच्या नाहीत. तपासणीला परत न आलेल्या पेशंटना डॉक्टर लोकांच्या इंग्रजीत 'हरवलेले' म्हणतात. त्या शब्दाचा त्यांना मनस्वी राग. पदर खोचून म्हणायच्या, "हरवायला ती काय छत्री आहे? कुठल्या तरी चुलीपुढे बसलेली असेल. तुम्हाला शोधायचा कंटाळा, एवढंच."

त्यांच्या खोलीत औषधांच्या कपाटाशेजारी बिस्किटांचा एक पत्र्याचा मोठा डबा होता. त्यात काचेच्या बांगड्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना त्या काळी काखेतल्या गाठीही काढत. मग त्या बाजूच्या हाताला पुढे आयुष्यभर सूज यायची भीती, साधं खरचटलं तरी चिघळायची भीती. म्हणून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईला त्या समोर बसवायच्या, तिच्या त्या हातातल्या बांगड्या उतरवून डब्यातल्या मोठ्या मापाच्या भरायच्या आणि म्हणायच्या, "हा हात आता कुणाला द्यायचा नाही. सुई नाही, बी.पी.चा पट्टा नाही, घट्ट बांगडी नाही. देव मागायला आला तरी दुसरा पुढे करायचा. पण केस मात्र ह्याच हातानं विंचरायचे, रोज, म्हणजे खांदा आखडत नाही." बाजारातला बांगडीवाला वैतागायचा. "अम्मा, एका हाताला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, असं कोण घेतं?" ह्या म्हणायच्या, "माझ्या बायका घेतात. तू काच बघ."

रस्त्यात एखादी जुनी पेशंट भेटली तर नमस्कार नाही, विचारपूस नाही. एकच प्रश्न: "कुठला हात?" ती बाई भाजीची पिशवी सांभाळत हात वर करून दाखवायची. अम्मांची मान हलायची आणि दोघी आपापल्या वाटेनं जायच्या. बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचं कसलं तरी गुप्त मंडळ आहे.

आईचं ऑपरेशन ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी तेव्हा कॉलेजात. डॉक्टरअम्मा नुकत्याच सरकारी नोकरी सोडून या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आल्या होत्या आणि आई ही त्यांची इथली पहिलीच केस. ऑपरेशनच्या आधी वडील मला घेऊन त्यांच्याकडे गेले. हात जोडून म्हणाले, "तिला नाव सांगू नका. भीतीनंच जाईल. आणि घरात लग्नाची मुलगी आहे." अम्मांनी आईचा कागद पुढे ओढला. मग माझ्याकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं?" मी म्हटलं, "बाबा म्हणतात तसंच." कागदावर 'गाठ' एवढंच लिहिलं गेलं. आईला सांगितलं, दुधाची जुनी गाठ होती, काढून टाकली.

हे काही आमच्याच घरचं नव्हे. जवळजवळ प्रत्येक नवरा, प्रत्येक भाऊ हेच मागायला यायचा, आणि त्या पदर न खोचता 'गाठ' लिहायच्या. त्यांचं हेच एक वागणं मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

मद्रासला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी परतलो तेव्हा नव्वदचं दशक लागलं होतं. ट्रस्टनं कॉम्प्युटर घेतला, त्याच्यासाठी एसीची खोली केली आणि मला नोकरीवर ठेवलं. ओ.पी.डी.च्या चिठ्ठ्या नि जुने केसपेपर कॉम्प्युटरात भरायचे हे काम. टाइप करायला दोन मुली. खोलीबाहेर चपला काढायच्या. आयुधपूजेला, म्हणजे इकडच्या खंडेनवमीला, मॉनिटरला गंध-कुंकू लावलं होतं, ते वर्षभर तसंच. डॉक्टरअम्मा पहिल्यांदा आल्या, दारात चपला काढल्या, कुंकू बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यापुढे अनवाणी. माझ्या ऑपरेशन थिएटरात मात्र लोक चपला घालून येतात." तेव्हापासून मी त्यांचा 'कॉम्प्युटर राव' झालो.

भानगड सुरू झाली ती पहिल्या अहवालानं. ट्रस्टच्या सेक्रेटरींनी मला विचारलं, स्तनाच्या कॅन्सरच्या किती बायका आल्या आणि त्यातल्या किती आज आहेत, ते काढता येईल का? मी छाती पुढे काढून म्हटलं, मिनिटभराचं काम. 'कॅन्सर' हा शब्द शोधला. कागद निघाला, सेक्रेटरींना नेऊन दिला. कागदाप्रमाणे बहुतेक सगळ्या वारल्या होत्या आणि उरलेल्या हरवल्या होत्या.

बैठकीत सेक्रेटरी अगदी नम्रपणे म्हणाले, "अम्मा, तुमच्या हाताबद्दल आम्हाला शंका नाही. पण कॉम्प्युटर काय म्हणतोय ते बघा. हा वॉर्ड बंद करून बायकांना मद्रासला पाठवलं तर?"

"कॉम्प्युटर कुठे म्हणतोय? राव म्हणतोय," अम्मा म्हणाल्या. "आणि मद्रासला कोण जाईल? नवरा भात कापायचा सोडून नेईल? घरी बसवून गाठीवर हळद लावील. बरं व्हायची वेळ निघून गेली की मग आणील माझ्याकडे."

"मग बऱ्या झालेल्या दाखवा ना अम्मा. पोंगलनंतरच्या बैठकीत ठरवू."

त्या तिथून थेट माझ्या खोलीत आल्या. चपला काढायला विसरल्या. कागद बराच वेळ बघत राहिल्या आणि खुर्चीत बसल्या. "राव, हे माझंच पाप. ज्या जगणार असं वाटलं त्यांच्या कागदावर मी 'गाठ' लिहिलं. 'कॅन्सर' लिहिलं ते फक्त लपवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा. तुझं यंत्र मरणाऱ्यांचीच नावं काढणार. दुसरं काढील कुठून?"

ऑपरेशनच्या वहीत बायकांची नावं होती. पण आमच्याकडे आडनाव नसतं. लक्ष्मी, इन्नंबूर. आता इन्नंबुरात गल्लीगणिक एक लक्ष्मी. त्यातली कुठली, आज आहे की नाही, हे वहीवरून कळायला मार्ग नव्हता. केसपेपरांत 'गाठ' शोधलं तर पाठीवरची, मानेवरची, अख्ख्या जिल्ह्याची गाठ निघाली.

एक दिवस त्या माझ्या खोलीत कॉफी घेत होत्या. दुसरं काही सुचेना म्हणून मी तक्रार केली. म्हटलं, "ह्या मुलींना किती सांगितलं तरी चिठ्ठीवर दिसेल ते सगळं टाइप करतात. बी.पी. किती, एवढं हवं. तर बी.पी. आणि पुढे 'उजव्या हाताला घेतलं'. डोळ्याच्या ओ.पी.डी.त तेच, शुगरच्या ओ.पी.डी.त तेच. जागा किती खातं ते. मी पुसूनच टाकणार आहे."

अम्मांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "नर्स हात कधी लिहिते?"

"मला काय माहीत?"

"मज माहीत आहे. बाई भांडली की लिहिते. डावा देणार नाही म्हणून हटून बसली की लिहिते. एरवी कशाला लिहील?" आणि मग हळू आवाजात, जणू खोलीत कुणी झोपलंय, "पुसलंस तर बघ. आणि त्या मुलींना रागावू नकोस. कॉफी पाज."

मग आम्ही शोध तसा लावला. कुठल्याही खात्यात, कुठल्याही दुखण्यासाठी आलेली, पण एकच हात पुढे केलेली बाई. तिचं गाव आणि वय ऑपरेशनच्या वहीशी ताडून पाहायचं. इन्नंबूरच्या लक्ष्म्या खूप, पण डावा हात न देणारी एकच. प्रिंटर करकरायला लागला आणि कागद संपेना. चष्म्याला आलेल्या, पायाला काटा लागून आलेल्या, सुनेच्या बाळंतपणात चक्कर येऊन पडलेल्या. त्यांना आपल्याला काय झालं होतं ते माहीत नव्हतं, कागदाला माहीत नव्हतं, पण अम्मांनी सांगितलेलं त्या पाळत होत्या. वर्षानुवर्षं. आयुष्यात मी पुष्कळ प्रोग्रॅम लिहिले, पुण्यात मोठ्या पगारावर लिहिले. तो एक सोडून कशाचाही मला अभिमान नाही.

त्या कागदावर माझी आई होती. डोळे तपासायला आली होती तेव्हाची नोंद. उजवा हात. वहीतलं नाव, वय, गाव, सगळं जुळत होतं. तो कागद अम्मांनी बघायच्या आधी मी आईची ओळ काढून टाकली आणि पुन्हा छापला. वडील जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते, बहिणीचं लग्नही होऊन गेलं होतं. तरी काढली. कारण अम्मांनी सकाळीच ठरवलं होतं: सापडलेल्या प्रत्येकीला आता खरं सांगायचं, आणि नंतरच बैठकीला बोलवायचं.

पोस्टकार्डं पाठवायची नाहीत, हा त्यांचा हुकूम. "पोस्टमन वाचील, मग गल्ली वाचील, शेवटी तिच्यापर्यंत पोचेल." त्या स्वतः गेल्या. टाऊन बसनं, मला आणि छत्रीला बरोबर घेऊन.

दारासुरमचं एक विणकराचं घर मला अजून दिसतं. नवरा मागावर, बाई शेजारी बसून रेशीम उकलत होती. अम्मांनी दारातूनच विचारलं, "कुठला हात?" तिनं हसून डावा वर केला. अम्मा तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सरळ सांगितलं. गाठ नव्हती, कॅन्सर होता, तू त्यातून बरी झालीस, तुला तेव्हा सांगितलं नाही ही माझी चूक.

बाईचे हात थांबले. तिनं मागाकडे बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

नवरा मागावर वाकला. "धागा तुटलाय."

"इतकी वर्षं विहिरीवर पाणी ओढायला लावलंत. डाव्या हातानं जमत नाही म्हटलं तर नाटकं करतेस म्हणालात."

"तुटलाय गं. बघू दे."

ती अम्मांकडे वळली. "तेव्हा सांगितलं असतं तर भ्यायले असते. आता सांगताय, तर रागवायचं कुणावर तेच कळत नाही. ह्या माणसावर रागवते. तो घरचाच आहे." मग जरा वेळानं, "म्हणजे मी जिंकले, अम्मा?"

"तू जिंकलीस."

"मग ते ह्यांच्यासमोर एकदा मोठ्यानं म्हणा." अम्मांनी म्हटलं. नवऱ्याचा धागा काही सापडला नाही.

सगळीकडे असं झालं नाही. एका घरात दार लावून घेतलं. एक बाई दिवसभर रडली आणि दुसऱ्या दिवशी आली, अम्मांना शिव्या द्यायला. त्या अम्मांनी उभ्यानं ऐकून घेतल्या.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात मी आईला मद्रासला बहिणीकडे पाठवून दिलं. नातू आठवण काढतोय म्हणालो. तो तेव्हा बोलायलाही लागला नव्हता.

बैठक व्हरांड्यात झाली. एका बाजूला ट्रस्टची मंडळी, समोर बायका. रेशमात आलेल्या, शेतातून तशाच उठून आलेल्या, एक तर तान्ह्या नातवासकट. अम्मा भाषण करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "मी जो हात कुणाला देऊ नका म्हटलं होतं, तो वर करा."

हात वर गेले. मोठ्या मापाच्या बांगड्या मनगटावरून घसरून कोपराकडे गेल्या, तो आवाज सगळ्या व्हरांड्यात झाला. सेक्रेटरी उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग बाकीचेही उठले. हात खाली घ्यायला अम्मा कुणाला सांगेनात, आणि बायकाही घेईनात. वॉर्ड बंद झाला नाही. मी पुण्याला निघालो तेव्हाही तो चालू होता.

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. पुढच्या रांगेतली पहिली खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर अम्मांनी आपली छत्री आडवी ठेवली होती. कुणी बसायला गेलं की म्हणायच्या, "ती जागा घेतलेली आहे."

सगळे पांगल्यावर त्यांनी छत्री उचलली. त्या दिवशी विसरल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "इथलं माझं पहिलं ऑपरेशन. टाके मी घातलेत, राव. ती कागदावर नाही म्हणजे तू काढलीस."

"तुम्ही सांगू नका," मी म्हटलं. हात जोडले, वडिलांनी जोडले होते तसेच.

"बाकीच्या घरी नवऱ्यांचं ऐकलं, तुमच्या घरी मी तुलाही विचारलं होतं. आता तुला डावलून उलट करणं माझ्यानं होणार नाही. तू सांग. पण तू सांगेपर्यंत मी तिला मोजणार नाही. जिला ठाऊक नाही ती जिंकली असं मी कसं म्हणू?"

त्यानंतर दर वर्षी पोंगलनंतर मी जिंकलेल्या बायकांचा आकडा काढून त्यांच्यापुढे ठेवायचो. त्या वाचायच्या, चष्मा काढायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "आणि?" एवढंच. मी खाली बघायचो. मग त्या सही करायच्या. कधी रागावल्या नाहीत, पदराला हात लावला नाही. शेवटच्या वर्षी त्या स्वतःच आजारी होत्या, मी घरी नेऊन आकडा दाखवला. सही वेडीवाकडी झाली. "आणि?" मात्र स्वच्छ होतं.

आई आता पुण्यात माझ्याकडे असते. परवा रक्त तपासायला लॅबमध्ये नेलं. मुलानं डाव्या हाताला रबर बांधायला घेतलं, तर तिनं हात पदराखाली घेतला आणि उजवा पुढे केला. "आजी, ह्या हाताची शीर सापडत नाहीये. तो द्या ना." आई म्हणाली, "शोध. डॉक्टरअम्मानं सांगितलंय, तो कुणाला द्यायचा नाही." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शोध." मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि त्याच क्षणी खाली बघावंसं वाटलं.

आईला इतक्या वर्षांत काही कळलं नसेल का? ते मला विचारू नका. तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आमच्याकडच्या तिच्या पिढीतल्या बऱ्याच बायकांसारखी ती मराठी बोलते पण लिहिते-वाचते तमिळ अक्षरांत. देवनागरी तिला येत नाही. म्हणजे हा सगळा कबुलीजबाबही मी तिला वाचता येणार नाही अशाच जागी लिहिलाय. लिहिताना हे लक्षात आलं नव्हतं असं म्हणणार होतो. पण आलं होतं.

आईला मी एक वाक्य देणं लागतो, समोर बसून, आमच्या घरच्या मराठीत. ते दिलं की डॉक्टरअम्मांचा आकडा एकानं वाढेल. अजून वाढलेला नाही.